बिनसाखरेचा चहा

सोहारला आमच्या खोलीत पहाटे सहा कप मांडले जातात,
पाच गोड आणि एक माझा.
उस्मान परकार नमाजाआधी आधण ठेवतो.
माझ्या कपाच्या कानाला त्याने लाल सुतळी बांधलीय,
चुकून साखर पडू नये म्हणून.
दोन वर्षं झाली, वर दोन महिने.
मला शुगर नाही.

कधीच नव्हती.
ही युक्ती बायकोची. फोनवर, दबक्या आवाजात
(देवरुखला भिंतीपलीकडे जाऊबाई असतात):
"गोळ्या घ्या, पण शुगरच्या म्हणून सांगा.
शुगरला कुणी नावं ठेवत नाही.
मृण्मयीसाठी स्थळं बघायचीत आता."
तिचं चुकलं असं तेव्हा वाटलं नाही.
आजही पुरतं वाटत नाही.

मी परांच्या तपासतो, स्मेल्टरवर.
पाइपवर हातोडी टिचकावून ऐकतो,
कुठला क्लॅम्प ढिला, कुठली फळी आतून पोकळ.
शंका आली की लाल टॅग.
मग कुणी चढत नाही,
आणि त्या परांचीला कुणी हसतही नाही.

त्या उन्हाळ्यात मी नळ सोडून
बाथरूममध्ये नुसता उभा राहायचो.
किती वेळ, ते बाहेरच्या रांगेला ठाऊक.
आधी चव गेली, मग भूक,
मग मुलीचा फोन वाजत राहायचा
आणि मी तो वाजताना बघायचो.
एकदा टॅग लावायला वर चढलो
आणि खाली कशासाठी उतरायचं, ते आठवेना.
उतरलो.
खाली एक नेपाळी पोरगा हेल्मेट काढून
माझ्या सहीची वाट बघत होता, म्हणून.

हॉस्पिटलात तो विभाग दुसऱ्या मजल्यावर.
मी लिफ्टमध्ये तिसऱ्याचं बटण दाबलं.
तिथे दातांचे डॉक्टर. गालाला हात लावून
जरा बसलो त्यांच्या रांगेत, मग जिन्याने खाली.
सुदानी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, झोप कशी लागते?
एकोणीस वर्षांत आखातात
मला सगळ्यांनी पगार विचारला होता.

तेव्हापासून गोळी चालू, आणि शुगर चालू.
ईदला शीरखुर्म्याचं पातेलं माझ्यावरून पुढे जातं.
खजूर उस्मान मोजून देतो, दोन.
गावाहून आलेले लाडू माझ्यापासून लपवतात,
मला वाईट वाटू नये म्हणून.
नसलेल्या दुखण्याची एवढी माया,
आणि असलेलं उशीखाली, कागदात गुंडाळलेलं.

गेल्या आठवड्यात नुमान भिंतीकडे तोंड करून झोपला.
उस्मानचा भाचा, खेडचा, तेवीस वर्षांचा.
तीन दिवस उठला नाही.
कुणी म्हणालं, घरची आठवण. कुणी म्हणालं, ड्युटी चुकवतोय.
खडप्याने कानाशी बोट गोल फिरवलं.
उस्मानने उशाशी दम केलेलं पाणी ठेवलं
आणि पहाटे आधण ठेवताना त्याचा हात थरथरत होता.

मी म्हणालो, माझ्यात साखर टाक.
"वेडा झालास?" तो म्हणाला,
आपण बोलतो तसं, सहज.
"झालो नव्हतो," मी म्हणालो, "पण त्याच डॉक्टरकडे जातो.
शुगर नाही मला."

चहा उतू गेला. कुणी गॅस बंद केला नाही.
खडपे चप्पल शोधू लागला, पायात असलेली.
उस्मान माझ्याकडे बघत राहिला
आणि मग भडकलाच:
"दोन वर्षं? बहिणीच्या लग्नाची बर्फी आली तेव्हा
तुझ्यासमोर खायची नाही म्हणून
आम्ही जिन्यात उभं राहून खाल्ली रे!"
सुतळी दातांनी तोडली त्याने.
तीन चमचे घातले, रागाने.

इतका गोड चहा मला प्यायला गेला नाही.
सवय मोडली होती.

कप तसाच हातात, तेवढ्यात
भिंतीकडच्या गादीवरून आवाज आला,
बरेच दिवस न वापरलेला:
"चाचा, तिथे नाव विचारतात?"

विचारतात, मी म्हणालो.
हळू विचारतात.