एक घोट

मॅकॅलनच्या दवाखान्यात जेल थंडगार,
पडद्यावर युफेमियाचं यकृत
सायीसारखं पांढुरकं.
"रोज किती पिता?" तिसऱ्यांदा विचारलं.
बाप प्यायचा, ती म्हणाली.
मी बुचाचा वासही घेतला नाही.

सासूनं तरी वर्षभर तिचे पेले हुंगले.

मग रक्ताचा कागद आला.
एवढ्या अक्षरांत एकच बदललेलं,
सी होता तिथं जी.
ध चा मा, पण कुणी डाव साधून केलेला नव्हे;
कुठल्याशा मक्याच्या रानातून
नदी ओलांडून आलेला
कागदपत्रांशिवाय.

एक प्रत बापाची. दुसरी आईची,
जी जन्मभर अंबाडीच्या फुलांचं सरबत प्यायली.

भाऊ इलारियो त्याच शेडमध्ये
ग्रेपफ्रूटच्या पेट्या भरतो,
त्याच तळणीतलं खातो,
नि त्याचं यकृत धडधाकट.
तिला राग येतो. मग रागाची लाज.

"हे सगळं नशीब नव्हे," डॉक्टरीण सांगते,
साखर, वजन, चालणं...
युफेमिया बोटांवर मोजत असते:
माझ्याकडे दोन्ही तशाच,
म्हणजे नायेलीला एक तर गेलीच.

गाडीत नायेली सोड्याचा कॅन फोडते.
फस्स.
आई हात पुढे करते,
"एक घोट दे गं,"
आणि परत देत नाही.