आज संपले

तीन रात्री मी रिॲक्ट की व्ह्यू करत बसलो.
स्वेल्टही उघडलं; आवडलं, म्हणून घाबरून मिटलं.
हिउमा बेटावर लेइडाआत्याचं दुकान:
धुरी दिलेले मासे, बुध ते शनि,
वारा सुटला तर तेही नाहीत.

"एवढंच ना लिहायचंय?"
तिच्या हातांना ओल्या लाकडाचा धूर.
मी कंपोनंट समजावतो, मग स्टेट.
ती माशाची पाठ सोलत राहते,
मग खोक्याचा पुठ्ठा फाडून खडूनं लिहिते:
आज संपले. उद्या या.
काचेला आतून चिकटवते.

मी लॅपटॉप ओढतो.
एक फाइल. तेवीस ओळी.
फ्रँकफर्टच्या कुठल्याशा थंड खोलीत
क्लाउड ती ठेवून घेतो, फुकट.

फक्त 'आज'ची ओळ रोज कोण बदलणार,
हे राहिलंच.
पुठ्ठा तर ती जाताना
उलटा करून जाते.