रवाळ

हरमाटन सुटला की कुमासीतही
आधी ओठ फुटतात, बातमी मागून फुटते.
उत्तरेकडून वाळवंट पीठ चाळत येतं,
माझ्या सलूनच्या आरशावर, कंगव्यांवर,
गिऱ्हाइकांच्या कोपरांवर राखेचा हात फिरवून जातं.

याच दिवसांत आईचा डबा येतो.
तोलोनहून तमाले, तमालेहून रात्रीची बस,
ड्रायव्हर नापारीच्या पायाशी.
आत फडक्यात बांधलेलं शिआचं लोणी,
फिकट पिवळं, धुरकट वासाचं,
आणि वर तिच्या चार बोटांचे ठसे.
पत्र लिहिता येत नाही तिला.

यंदा ठरवलं, नुसतं चोळून संपवायचं नाही.
लोणी चार चमचे, खोबरेल एक,
गवती चहाच्या तेलाचे सहा थेंब.
बाळांच्या खाऊच्या रिकाम्या बाटल्या उकळून घेतल्या,
वितळवलं, गाळलं, ओतलं,
कागदाच्या पट्टीवर वळणदार अक्षरांत लिहिलं:
वुम्पिनीचं क्रीम.
रात्रभर टेबलावर निवू दिलं
आणि मीही निवांत झोपले.

तिसऱ्या दिवशी सेर्वामावशी बाटली घेऊन दारात.
"पोरी, वाळू आहे गं यात."
वाळू नव्हती. मी बोट घातलं:
मऊ, मऊ, आणि मग रवा,
मोहरीएवढे कण,
विरघळायचे, पण टोचून झाल्यावर.

फोन लावला.
आई आधी हसली, मग खोकली,
मग म्हणाली, "सावकाश निवू दिलंस ना?
इतके लाड करू नयेत त्याचे.
चुलीवरून उतरलं की भांडं गार पाण्यात ठेव
आणि ढवळ.
हात नको म्हणाला की मग
खरं ढवळायला लाग."

तिचे हात दिसले मला,
कोकोच्या रंगाच्या लगद्यात कोपरापर्यंत.
अंगणात सहा जणी, पाणी घालत, फेसत,
कुणाच्या सुनेचं, कुणाच्या सवतीचं काढत,
आणि मधेच सगळ्या गप्प.
लगदा पांढरा पडू लागला
की आई कुणाला बोलू देत नसे.

"आणि ऐक," ती म्हणाली,
"जपून वापर. विहिरीमागचं झाड गेलं.
काकाने तोडलं तुझ्या. कोळशाला.
डब्यातलं त्याच्याच शेवटच्या बियांचं आहे."

त्या झाडाखाली पहाटे टॉर्च घेऊन
मी आधी साप शोधायची, मग फळं.
गर माझा, बी टोपलीचं.
कुणी लावलं नव्हतं ते,
म्हणून तोडताना कुणाला विचारावं
हाही प्रश्न कुणाला पडला नसेल.

मी काही बोलले नाही.
सगळ्या बाटल्या पुन्हा पातेल्यात उपड्या केल्या,
चमच्याने काचा खरवडल्या,
बादलीत बर्फ, बर्फात पातेलं.
ढवळताना लाईट गेली,
मोबाईल दातात धरून ढवळलं.
हात नको म्हणाला.
मग लागले ढवळायला.

अकरा बाटल्या भरल्या. दहा खपल्या.
सेर्वामावशींनी दोन नेल्या, पैसे एकीचेच दिले.
अकरावी नापारीच्या पायाशी, उलट वाटेने,
कारण लोणी काढणारीच्या टाचांना
दाणा अडकावा एवढ्या भेगा,
आणि गोळा बाजारात जाईपर्यंत
स्वतःला लावायचं तिच्या ध्यानात येत नाही.

आठवड्याने फोन.
"वास कसला घातलास?
परक्या घरात शिरल्यासारखं वाटलं.
बकरीच्या खुराला लावलं. जखम भरली."

"आणि टाचांना?"

पलीकडे वारा.
मग झाकण फिरल्याचा आवाज.
"उरलंय," ती म्हणाली,
"अजून पुष्कळ उरलंय."