पाचवा चौक

चिमणबागेच्या मैदानाला मी सकाळी सहा फेऱ्या मारते.
मनगटावर भाचीने बांधलेलं घड्याळ
ठोके मोजतं. एकशे बारा. एकशे अठरा.
का, ते नाही मोजत.

आज तिसऱ्या फेरीला कोपऱ्यात
शाळेच्या मुली पाटीवर बसलेल्या दिसल्या,
एकीचं तोंड इकडे, एकीचं तिकडे,
आणि माझ्या गुडघ्यांनी मला न विचारताच
बसायची तयारी केली.

मी पाचव्या चौकात बसायचे.
तिथे बसणारीला पाठीला डोळे फुटतात, असं मुळ्ये सर म्हणत.
माझ्या पाठीला नुसता घाम फुटायचा.
खो मिळायच्या आधीच उठायचे.
शिट्टी. फाऊल. परत बस.
अगं, तो शब्द पाठीवर पडू तर दे!
रात्री अंथरुणातसुद्धा
कुणी न दिलेल्या खोवर मी उठून बसायचे.
समोरच्या संघाला काही करावंच लागायचं नाही,
माझंच मन माझ्या पायांना खो घालायचं.

मग देवासविरुद्धचा तो सामना.
पहाटे नंदनला एम.वाय.त भरती केलेलं.
मेंदूज्वर. अठ्ठेचाळीस तास, डॉक्टर म्हणाले.
आई बाकावर, मांडीवर त्याची चप्पल. एकच.
बाबा म्हणाले, तू जा, इथे बसून काय करशील.
गेले.
वेणी घालताना लाज वाटत होती.

आणि त्या दिवशी बसले ती
जमिनीवर बसावं तशी बसले.
माती गार होती, हे मला कळलं.
तळव्याखाली एक खडा होता, तोही.
लोकांचा गलका पाण्याखालून आल्यासारखा.
वैजूचा खो पाठीवर पडला
आणि तो शब्द आणि माझं उठणं
यांच्यामध्ये काहीच नव्हतं. मीसुद्धा.
देवासची ती उंच मुलगी, हूल देण्यात पटाईत,
डावा खांदा टाकून उजवीकडे सटकली,
मी आधीच उजवीकडे होते.
खांबापाशी सूर मारला, कोपर सोललं,
बोटांच्या टोकांना तिच्या सदऱ्याची शिवण लागली.
एका डावात पाच गडी.
सर रडले. मला रडू आलं नाही.

नंदन बारा दिवसांनी घरी आला.
आता पिथमपूरला असतो, पोट सुटलंय,
रविवारी फोनवर अजून चिडवतो.

तो दिवस मात्र परत आला नाही.
सगळं ठीक असलं की मी पुन्हा घाईने उठायचे.
पुढच्या वर्षी उपांत्य सामन्याआधी
सरांनी खाली बघत विचारलं,
घरी सगळे बरे आहेत ना गं?
आणि मला कळेना
त्यांना कुठलं उत्तर हवंय.
मला कुठलं.

पुढे श्वास मोजून पाहिले,
एका शिबिरात दहा दिवस मौन पाळलं,
तिथेही घंटेच्या आधीच जाग यायची.

शिट्टी.
कोपऱ्यातली दोन वेण्यांची मुलगी आधीच उठलीय,
परत मातीत बसते, मान खाली.
मी थांबते.
काय सांगू हिला?
मन आज दुसरीकडे कुठेतरी ठेवून ये, असं?
जिथे माझं ठेवलं होतं, तिथे?
नाही.

पाठीमागे जाऊन हळूच विचारते,
माती गार आहे का गं?
ती चमकून बघते,
मग तळवा टेकवते.

घड्याळात एकशे चार.