तीनशे चाळीस किलो

तीनशे चाळीस किलो.
पुस्तिकेत छापलंय, पान चार.
त्यात चिखल धरलेला नाही,
टाकीतलं पेट्रोल नाही,
मागच्या रॅकवर बांधलेली मूसची मांडी नाही,
आणि माझा खांदा तर नाहीच,
जो मार्चपासून
केस विंचरायलाही वर जात नाही.

लिअँडर चढवायचा ते असं :
दोन फळ्या, एक शिवी,
आणि अंगठ्याने थ्रॉटल पार आत.
क्वाड किंचाळत वर जायची,
फळ्या मागे उडायच्या,
पिकपच्या बुडाला ट्रेलरची ढुशी बसायची,
आणि हा वरून : "बघ, झालं का काही?"
एकदा झालं.
पुढची चाकं आभाळाकडे,
तो पाठीवर, दलदलीच्या शेवाळात कानापर्यंत,
हसत.
हसत होता म्हणून मी गप्प बसले.

आता तो गप्प असतो.
डावा हात मांडीवर,
कुणी विसरून गेलेल्या हातमोज्यासारखा.
खिडकीतून बघतो मला
अंगणात त्या धुडाशी झटताना.
उजवा अंगठा मधूनच हलतो.
थ्रॉटल देतो.

एफ्रम स्केअर्ड म्हणाला, रॅम्प लांब घे.
उंची तीच राहते गं, फक्त पसरते,
पीठ लाटावं तशी.
घेतला. अकरा फुटी, अल्युमिनियमचा.
ऑक्टोबरच्या पहाटे त्यावर दव गोठलं
आणि चाकं जागच्या जागी फिरत राहिली,
माझ्या तोंडावर बर्फाचा चुरा उडवत.

पुतण्या कॅल्विनने ट्रेलरच्या नाकावर विंच बसवून दिली.
बटण दाबायचं, बाजूला उभं राहायचं.
तारेच्या सरळ रेषेत नाही हं, काकू.
दोन आठवडे मी राणी होते.
मग गॅफ नदीच्या वर, रस्त्यापासून नऊ किलोमीटर आत,
बॅटरीने मान टाकली.
क्वाड अर्ध्या चढावर,
अर्धा दिवस मावळलेला,
आणि मी गुडघ्यांवर, चाकाखाली घालायला
दगड चाचपत.
रडले नाही. थंडीने नाक वाहत होतं.

त्या दगडाशेजारी बसूनच दिसलं :
समोर खडीची जुनी खाण,
छातीएवढा काठ, खाली सपाट तळ.
जमिनीने कधीचा चढ चढून ठेवलेला.

क्वाड हळूच खाली सोडली, वळसा घालून काठावर नेली.
ट्रेलर तळातून मागे घेतला.
चार वेळा उतरून पाहिलं.
एक वीत दूर. पुन्हा.
मधल्या फटीवर लिअँडरच्याच दोन फळ्या.
न्यूट्रल.
तळहाताने ढकलली, पीठ झटकावं इतक्या जोराने,
आणि ती म्हाताऱ्या घोडीसारखी
आपणहून आत गेली.
मी तिथेच उभी.
कुणाला सांगायचं, तर एक कावळा होता.

लिअँडर एक्क्याण्णव किलो.
हे कुठल्या पुस्तिकेत नाही.
दर मंगळवारी दवाखाना,
दर मंगळवारी कॅल्विन आणि एफ्रम
त्याला बगलेत धरून पिकपमध्ये कोंबणार,
आणि तो छताकडे बघणार,
आपण तिथे नाहीच असा.

या मंगळवारी मी दोघांनाही बोलावलं नाही.
पिकप घराच्या मागून आणली,
स्वयंपाकघराच्या दाराबाहेर लाकडी ओटा आहे तिथे.
बावीस वर्षं त्या ओट्यावरून
बटाट्याची सालं फेकत आले,
त्याची उंची कधी मोजली नव्हती.
सीट आणि ओटा, एक बोट कमी.
मध्ये फळी, घासून गुळगुळीत केलेली,
वर मेणाचा हात.

त्याने फळीकडे पाहिलं.
मग माझ्याकडे, बराच वेळ.
उजव्या हाताने दाराची कड धरली
आणि सरकला,
स्वतः,
तोंडातून काहीतरी पुटपुटत,
त्यातली शिवी मला स्पष्ट ऐकू आली.

पट्टा लावला. दार ओढलं.
हँडब्रेक आहे ना,
खाली उतरून पुन्हा एकदा पाहिलं.