एक कुंडी कमी

कारेलीबागेतल्या नर्सरीत चाळीस रुपयांना मिळाली.
नाव विचारलं, तर पोरगा म्हणाला,
"दरियानी छे, काका. पाणी ओछुं."
एवढीच तिची जन्मपत्रिका.

बोटाएवढी तिधारी पानं, आत गच्च पाणी.
निम्मी वाळू, थोडा विटेचा चुरा,
शेणखत अजिबात नाही: लाडानं मरते.
मे महिन्यात ओट्याची फरशी तव्यासारखी,
तेव्हा खुशाल जांभळं फूल उघडून बसायची,
श्रावणात मात्र मुळाशी कुजायची
म्हणून मी तिला मोडकी छत्री बांधली.
हर्षिदाबेन कुंपणावरून हसल्या.
स्वतः भिजत होतो, हे मला तेव्हा कळलं.

ऋजुता पोर्तुगालला असते.
रविवारी दहा-बाराजणं हातमोजे घालून
किनाऱ्यावरचं तण उपटतात, तिनं व्हिडिओ पाठवला.
टेकड्याच्या टेकड्या, हिरव्या, मऊ, एकसारख्या,
आणि पोत्यातून डोकावणारी
माझी तिधारी पानं.

"बाबा, तुझ्याकडे हीच आहे?
कुणीतरी वाळू धरून ठेवायला लावली होती इथे,
चांगल्याच मनानं.
आता खाली दुसरं काही उगवत नाही.
तुकडा पडला तरी पेरापेराला मूळ फुटतं.
उपट ती. उन्हात उलटी टाक. नीट वाळली का बघ."

म्हटलं, अगं, इथे कुठला समुद्र?
इथे छत्रीशिवाय जगत नाही ती.
"तरी उपट."
बघतो, म्हटलं.
बघतो म्हणजे काय, ते तिला लहानपणापासून ठाऊक आहे.

मग विश्वामित्री चढली.
रात्री दोनला पाणी तिसऱ्या पायरीवर,
आम्ही गाद्या, गॅसची बाटली, देव, सगळं माळ्यावर.
समोरच्या गल्लीत मगर होती म्हणतात.
मी पाहिली नाही, मी विजेरी धरून
तांदळाच्या डब्याकडे बघत होतो.

चौथ्या दिवशी गाळ ओढताना कुंड्या मोजल्या.
तुळस होती, आडवी. कोरफड होती.
छत्रीची काडी कुंपणात अडकलेली.
चाळीस रुपयांची जागा रिकामी,
गाळात नुसता एक गोल.

दुपारी नातवाचा नकाशा उघडला.
विश्वामित्री ढाढरला मिळते,
ढाढर खंभातच्या आखाताला.
बोट फिरवत गेलो. फार लांब नाही.
पुढे निळं.

संध्याकाळी फोन आला.
घर, पाणी, औषधं, सगळं विचारून झाल्यावर
तिनं विचारलंच: "आणि ती?"

"गेली," म्हटलं.

"बरं झालं," ती म्हणाली.
मी काही बोललो नाही.
नखात गाळ होता, तो काढत बसलो.