निवड

भायखळ्याच्या बाजारामागे, तेरा नंबरच्या गोदामात
अंजिराबाई लोंढे गोणीची सुतळी न सोडता सांगते:
ही गेली.
ही परवा जाईल.
ही तळातून गेलीय, वरून नुसती साळसूद.

वास कसला येतो, मी विचारलं.
म्हणाली, आधी ओल्या मातीचा.
मग चुन्याच्या डबीत पाणी राहिलं की येतो, तसा.
मग लोकांना येतो तो.

मी तिसऱ्या वासाची बाई.
पहिले दोन कळायला मला परळची प्रयोगशाळा लागते,
अठ्ठेचाळीस तास लागतात,
आणि जांभळ्या जेलीची ताटली,
जिच्यात हे जिवाणू खड्डे पाडत सुटतात
पालिकेकडून रस्ता खणायचा परवाना आणल्यासारखे.

तसं बघितलं तर ते बटाटा खात नाहीत.
दोन पेशींमधला डिंक तेवढा खातात.
पेशी असतात जागच्या जागी,
फक्त कुणी कुणाला धरलेलं नसतं.
बोट टेकवलं की साल आत जाते
आणि बोटाला लागतं ते पाणीही नसतं, पीठही नसतं.

छेडाशेठ म्हणाले, मॅडम, फवारा ना काहीतरी.
उद्या कुणाच्या तरी भाजीत पडणाऱ्या मालावर
काय फवारू?
म्हणून आम्ही या सडीचा वैरी शोधत होतो.
मंचरच्या शेतातली माती आणली, आग्र्याच्या गोण्या झटकल्या,
शीतगृहाच्या भिंतीवरचा घाम कापसाने टिपला.
अकरा महिने ताटल्या गढूळच्या गढूळ.

आणि मग ती बादली.
नासके बटाटे फेकून झाले की अंजिराबाई हात बुचकळते ती,
काळ्या पाण्याची, चार दिवस न बदललेली.
ओतू नका, मी ओरडले.
ती दचकली. तिला वाटलं, मी अस्वच्छतेवरून बोलणार.

ते पाणी गाळलं. पुन्हा गाळलं.
एक थेंब ताटलीवर ठेवून घरी गेले.
सकाळी गढूळ थरात स्वच्छ गोल ठिपके,
फुंकर मारलेल्या काचेवर कुणी बोटं टेकवावीत तसे.

जिवाणूंना खाणारा विषाणू.
माणसाला शिवत नाही, बटाट्याला शिवत नाही,
शेजारच्या दुसऱ्या जिवाणूकडे ढुंकून बघत नाही.
जिथे सड, तिथेच त्याचा मुक्काम.

चाळीस गोण्या ज्योती घेतल्या.
वीस गोण्यांवर साधं पाणी, वीस गोण्यांवर तो,
दिवेलागणीनंतर, कारण उन्हात तो टिकत नाही.
बाराव्या दिवशी साध्या पाण्याच्या नऊ गेल्या.
आमच्या दोन.
दोन का, ते मला अजून सांगता येत नाही.
अंजिराबाईने त्या दोन्ही तिसऱ्या दिवशीच
पाय लावून बाजूला सरकवल्या होत्या.

तुमच्या बादलीत सापडला, मी तिला कुपी दाखवली.
तिने ती उजेडात धरली.
यात तर काहीच नाही.
आहे, दिसत नाही.
मग बराच वेळ अर्धे बरे बटाटे कापून
वड्याच्या गाडीची टोपली भरत राहिली,
आणि खाली बघूनच विचारलं,
सडवणारा मेला, की मग तुझा हा काय खातो?

काही नाही, मी म्हटलं.
थोडे दिवस राहतो. मग तोही संपतो.

हां, ती म्हणाली. रोजंदारीवरचा.

आणि पुढच्या गोणीकडे वळली,
वाकली, नाक सुतळीजवळ नेलं,
बोलली मात्र काही नाही.

मी कुपी बर्फात ठेवली. अहवालात
स्रोत या शब्दापुढे लिहिलं: हात धुण्याचं पाणी.
खोडलं.
कुणाचे हात, ते लिहायला रकान्यात जागा नव्हती,
समासात लिहिलं.

त्या रात्री ताटल्या घासून झाल्यावर
मी माझाच तळवा हुंगून पाहिला.
साबण.
आणि साबणाच्या खाली, खात्री नाही,
ओली माती.